स्वतःला दम्याचा झटका आणून इनहेलर बनवणारा डॉक्टर

'स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' हे १९३० चं गाजलेलं इंग्रजी बालपुस्तक. त्यात होडी घेऊन तळ्यावर भटकणारी भावंडं आहेत. होडीतला सगळ्यात धाकटा रॉजर. हा रॉजर खराखुरा होता.

रॉजर अल्टुन्यान. जन्म १९२२ चा, सीरियातला. आजोबांनी अलेप्पोत हॉस्पिटल काढलेलं, वडीलही डॉक्टर, आई इंग्रज. १९२८ च्या सुट्टीत लेखक आर्थर रॅन्सम यांनी या भावंडांना होडी चालवायला शिकवलं आणि पुढे त्यांनाच पुस्तकात घातलं.

दुसऱ्या महायुद्धात रॉजर वैमानिकांना शिकवत होते. नंतर डॉक्टर झाले आणि १९५६ मध्ये औषध कंपनीत संशोधनाला लागले. त्यांना स्वतःला दमा होता आणि गिनी पिगची अ‍ॅलर्जीही. मग काय, तेच प्रयोगशाळा झाले! आधी नवं रसायन घ्यायचं, मग गिनी पिगच्या केसांचा अर्क श्वासातून ओढायचा आणि छाती किती आवळते ते मोजायचं. हे वर्षानुवर्षं चाललं. आज कुठलीही समिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही.

मध्यपूर्वेतल्या खेल्ला या औषधी वनस्पतीपासून सुरू झालेला हा शोध १९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेटपाशी पोचला.

पण पावडर फुप्फुसात पोचवायची कशी? विमानातला माणूस, त्याला पंखाच सुचणार. पेशंटने श्वास ओढला की छोटा पंखा फिरतो आणि कॅप्सूलमधली पावडर उडून आत जाते. हाच स्पिनहेलर.

गोम अशी की हे औषध झटका थांबवणारं नव्हतं, टाळणारं होतं. बरं वाटत असतानाही रोज घ्यायचं. आज त्याची जागा बहुतेक ठिकाणी स्टेरॉइडच्या इनहेलरने घेतली आहे, पण नियम तोच. खोकला थांबला म्हणून आई-बाबा पंप परस्पर बंद करतात आणि पोरगं पुन्हा रात्री धापा टाकतं.

दुसरी अडचण श्वासाची. पावडरचा इनहेलर जोरात ओढावा लागतो, लहानग्यांना ते जमत नाही. त्यांच्यासाठी स्प्रेचा पंप आणि स्पेसर. अगदी लहान असेल तर नाक-तोंडावर घट्ट बसणारा मास्क. पंप हलवायचा, एकच पफ सोडायचा, मुलाला पाच-सहा वेळा शांत श्वास घेऊ द्यायचा आणि मगच पुढचा पफ. स्टेरॉइड असेल तर शेवटी चूळ भरायला लावायची.

अल्टुन्यान १९८७ मध्ये गेले.