काचबिंदूच्या अंधारात पहिली फट पाडणारे ग्रेफे

काचबिंदूचे निदान झाले की दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातील नामांकित वैद्यही हात टेकत. डोळा दगडासारखा कठीण होई, कपाळ ठणके, दिव्याभोवती रंगीत वलये दिसत आणि काही दिवसांत, क्वचित एका रात्रीत, दृष्टी जाई. जळवा लावणे, रक्त काढणे, वेदनेवर अफू देणे, यापलीकडे वैद्यकाच्या भात्यात फारसे काही नव्हते. १८५६ मध्ये बर्लिनमधील एका २८ वर्षांच्या डॉक्टराने या अंधारात पहिली फट पाडली. त्यांचे नाव आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे.

त्यांचा जन्म २२ मे १८२८ चा, बर्लिनचा. वडील कार्ल फर्डिनांड हे प्रशियातील आघाडीचे शल्यविशारद. या घराण्याचा पुण्याशीही एक अनपेक्षित धागा जुळतो. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले होते. पुण्यात एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीतून ते पुन्हा घडवले आणि ती हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात छापून आली. नाक घडवण्याची ही भारतीय रीत युरोपभर गाजली. कार्ल फर्डिनांड यांनी १८१८ मध्ये या शस्त्रक्रियेवर लिहिलेल्या ग्रंथात तिचे विवेचन आहे. हॅनोव्हरच्या दृष्टिहीन युवराजाच्या डोळ्यांवर उपचार करण्यासाठी ते गेले असता १८४० मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. आल्ब्रेख्त तेव्हा अवघे १२ वर्षांचे होते.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वैद्यकाची पदवी मिळवून आल्ब्रेख्त बाहेर पडले. प्रागमध्ये फर्डिनांड आर्ल्ट यांच्या सहवासात त्यांचे मन नेत्रवैद्यकावर जडले. पुढे पॅरिस, व्हिएन्ना, लंडन अशी भ्रमंती झाली. लंडनला विल्यम बोमन आणि नेदरलँड्सचे फ्रान्सिस डोंडर्स यांच्याशी जुळलेले स्नेहबंध अखेरपर्यंत टिकले. बर्लिनला परतल्यावर त्यांनी स्वतःचे नेत्ररुग्णालय सुरू केले. याच सुमारास, १८५१ मध्ये, हेल्महोल्ट्झ यांचा नेत्रदर्शक प्रसिद्धीस आला होता. जिवंत माणसाच्या बाहुलीमागे तोवर नुसता काळोख दिसे. आता दृष्टिपटल, त्यावरील रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे मुख उघड दिसू लागले. या यंत्राचे मोल सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत ग्रेफे होते.

गंमत अशी की, याच यंत्राने त्यांना प्रथम चकवले. काचबिंदूच्या रुग्णांत नसेचे मुख फुगून वर आलेले दिसते, असे त्यांनी १८५४ मध्ये लिहिले. एका डोळ्याने पाहताना खोलगट भाग उंच भासतो, हा तो दृष्टिभ्रम होता. त्यांचे सहकारी आडोल्फ वेबर यांच्या निरीक्षणांमुळे प्रत्यक्षात तिथे खळगा असल्याचे स्पष्ट झाले, आणि ग्रेफे यांनी विनासंकोच आपले मत बदलले. खळगा म्हणजे आतून पडणारा दाब! डोळ्याच्या कठीणपणाला तिथे अर्थ मिळाला. दृष्टी वाचवायची तर दाब उतरवला पाहिजे, हे सूत्र आज वैद्यकाचा विद्यार्थी पहिल्याच पाठात शिकतो. त्या काळी ते धाडसी अनुमान होते.

पण दाब उतरवायचा कसा? डोळ्याच्या पुढच्या भागात सूक्ष्म छेद घेऊन पाणी काढले की आराम पडे, मात्र तो थोड्याच दिवसांचा. इतर विकारांसाठी बुबुळाच्या रंगीत पडद्याचा एक तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया ग्रेफे करीत असत. त्यानंतर डोळा मऊ राहतो, असे त्यांच्या लक्षात आले होते. १८५६ च्या जूनमध्ये त्यांनी हाच उपाय तीव्र काचबिंदूवर योजला. भूल देण्याचे शास्त्र बाल्यावस्थेत आणि जंतूंचा सिद्धान्त अजून दूर, अशा काळात सुजलेल्या, ठणकणाऱ्या डोळ्यात शस्त्र घालायचे होते. डोळ्यातील ताण ओसरला, वेदना थांबली आणि दृष्टी सावरली. १८५७ मध्ये ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. हा उपाय गुणकारी का ठरतो, हे खुद्द ग्रेफे यांना उमगले नव्हते. पडद्यामागे कोंडलेल्या पाण्याला नवी वाट मिळते, हा उलगडा विसाव्या शतकात झाला.

या यशापेक्षाही ग्रेफे यांचा मोठेपणा त्यांनी ठेवलेल्या अपयशाच्या हिशेबात दिसतो. रुग्णांचा माग ते वर्षानुवर्षे घेत राहिले. झटक्याने येणाऱ्या काचबिंदूत उपाय लवकर झाला तर फळतो. वेदनेविना, चोरपावलांनी येणाऱ्या दीर्घकालीन प्रकारात मात्र तो बेभरवशाचा आहे, हे त्यांनी प्रांजळपणे नोंदवले. सुईच्या टोकाएवढीही शंका न लपवण्याची ही वृत्ती त्यांच्या विद्यार्थ्यांतही उतरली.

त्यांच्या रुग्णालयात गरिबांवर विनामूल्य उपचार होत आणि शिकण्यासाठी देशोदेशीचे डॉक्टर येत. १८५४ मध्ये त्यांनी सुरू केलेले नेत्रवैद्यकाचे नियतकालिक आजही त्यांच्याच नावाने निघते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी घडवलेली अरुंद सुरी पुढे अनेक दशके जगभर वापरात होती. फुप्फुसे मात्र क्षयाने पोखरत चालली होती. हवापालटासाठी ते स्वित्झर्लंडमधील हायडेन गावी जात, तर रुग्ण तिथेही पाठोपाठ पोहोचत. फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध जाहीर झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी, २० जुलै १८७० रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी ग्रेफे गेले.

औषधाची जोड त्यांना पाहायला मिळाली नाही. पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार बीच्या अर्काने बाहुली आकसते, त्यामुळे पडदा ताणला जाऊन छेद घेणे सोपे होते, एवढाच उपयोग त्यांच्या काळी ध्यानात आला होता. हेच द्रव्य डोळ्याचा दाबही उतरवते, हे स्ट्रासबुर्गचे लुडविग लाक्वेर यांनी १८७६ मध्ये जाहीर केले. लाक्वेर यांना स्वतःलाच काचबिंदू होता! काही वर्षे त्यांनी थेंबांवर निभावले. झटके थांबेनात, तेव्हा १८८० मध्ये ग्रेफे यांचेच विद्यार्थी झुरिकचे होर्नर यांच्याकडून शस्त्रक्रिया करवून घेतली. १९०९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची दृष्टी टिकली. इकडे वेबर यांनी पायलोकार्पिन हे दुसरे औषध पुढे आणले.

ग्रेफे यांनी बेभरवशाच्या म्हणून नोंदवलेल्या रुग्णांसाठी पाण्याला कायमची वाट काढण्याचे प्रयत्न पुढे होत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी कोणी डोळ्यात घोड्याचा केस बसवून पाहिला, कोणी रेशमाचा धागा. अँथनी मोल्टेनो यांनी १९६९ मध्ये नळी आणि चकती असलेले रोपण मांडले, तेव्हा कुठे या कल्पनेला आकार आला. चकतीभोवती शरीर जाड आवरण विणते आणि निचरा मंदावतो, म्हणून ही नळी बसवल्यावरही अनेक रुग्णांना दाब उतरवणारे थेंब चालू ठेवावे लागतात.