देवळालीचे ‘गणितानंद’

या वेळी आम्ही आठवण काढतोय द. रा. कापरेकर यांची. जन्म १९०५, डहाणू. पदवी फक्त बी.एस्सी.; १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. अनेक गणितज्ञांनी त्यांचे संशोधन पोरखेळ ठरवले, पण मास्तर आकड्यांतच रमले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकात लिहिले आणि जगाने दखल घेतली. १९८६ साली ते गेले.

इथे यूकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना त्यांचे जन्मसाल द्या. अंक उतरत्या, मग चढत्या क्रमाने लावून वजाबाकी: ९५१०-०१५९=९३५१. उत्तरावर पुन्हा तेच. सातव्या वजाबाकीला ६१७४ येते आणि तिथेच थांबते! चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, मुक्काम तोच.