जॉन हॅरिसन व समुद्रावरील घड्याळ

भर समुद्रांत आपलें जहाज कोठें आहे, हें खलाशाला कसें कळावें? सूर्य व तारे ह्यांच्या उंचीवरून अक्षांश काढतां येतो. रेखांशासाठीं मात्र खरी वेळ ठाऊक असावी लागते. पृथ्वी एका तासांत १५ अंश फिरते. म्हणून जहाजावरील वेळ व निघालेल्या बंदराची वेळ ह्यांत चार मिनिटांचा फरक पडला, तर रेखांशांत एका अंशाचा फरक पडला असें समजावें. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभीं बंदराची वेळ समुद्रावर बिनचूक राखील असें घड्याळच नव्हतें. १७०७ सालीं सिली बेटांच्या खडकांवर आपटून इंग्रज आरमाराचीं चार जहाजें बुडालीं व शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. पुढें १७१४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें, अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश दाखविणारी रीत शोधून काढणारास २०,००० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें.

हें कार्य एका सुताराच्या मुलाच्या हातून व्हावयाचें होतें. जॉन हॅरिसन ह्याचा जन्म १६९३ सालीं यॉर्कशायर परगण्यांत झाला. वडिलांचाच धंदा शिकून त्यानें १७१३ सालीं आपलें पहिलें घड्याळ बनविलें; त्याचीं चाकें लांकडाचीं होतीं. उष्णतेनें लंबकाची दांडी लांबते व घड्याळ मागें पडतें, हें जाणून त्यानें पितळ व पोलाद ह्यांच्या दांड्या अशा जोडल्या कीं एकीची वाढ दुसरीनें भरून निघावी.

परंतु डोलणाऱ्या जहाजावर लंबक काय कामाचा? म्हणून हॅरिसननें लंबक सोडून, एकमेकांविरुद्ध झुलणारीं दोन वजनें स्प्रिंगांनीं जोडलीं. हें यंत्र १७३५ सालीं पुरें झालें. त्याचें वजन सुमारें ३४ किलोग्रॅम होतें. पुढच्याच वर्षीं लिस्बनच्या सफरींत त्याची परीक्षा झाली. दुसऱ्या यंत्रांत, जहाज वळतांना झोकांत फरक पडतो असा दोष त्याला स्वतःलाच आढळला, व त्यानें तें समुद्रावर पाठविलेंच नाहीं. तिसऱ्या यंत्रावर त्यानें एकोणीस वर्षें खर्चिलीं. तरीही त्याचें समाधान होईना.

इतक्यांत, १७५३ च्या सुमारास त्याच्या सूचनेवरून तयार झालेलें एक खिशांतील घड्याळ अपेक्षेबाहेर चांगलें चालूं लागलें. त्यावरून त्याच्या ध्यानांत आलें कीं, जहाजाचें डोलणें मंद असतें. म्हणून मंद झुलणारें मोठें यंत्र त्याच्या तडाख्यांत सांपडतें, पण मोठा झोका घेऊन झपाट्यानें फिरणारें लहान चक्र त्याला दाद देत नाहीं. साठी जवळ आलेल्या माणसानें अर्ध्या आयुष्याचे श्रम बाजूस सारून नवी वाट धरावी, हें सोपें नव्हे; हॅरिसननें ती धरली. १७५९ सालीं त्याचें चौथें घड्याळ तयार झालें. त्याचा व्यास अवघा १३ सेंटिमीटर असून तें सेकंदास पांच ठोके देई.

१७६१ सालीं त्याचा मुलगा विल्यम तें घेऊन जमैकास निघाला. रोजचा ठरलेला फरक जमेस धरतां, ८१ दिवसांत तें केवळ पांच सेकंदांनीं मागें पडलें! तरीही बक्षीस मिळेना. बार्बाडोसच्या दुसऱ्या परीक्षेनंतर १७६५ सालीं त्याच्या हातीं अर्धी रक्कम पडली. अखेरीस राजा तिसरा जॉर्ज ह्यानें त्याची बाजू घेतली व १७७३ सालीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, पार्लमेंटनें त्यास आणखी ८,७५० पौंड दिले. कॅप्टन कुक ह्यानें आपल्या दुसऱ्या सफरींत ह्याच घड्याळाची प्रतिकृति नेली होती. १७७६ सालीं हॅरिसन लंडन येथें निवर्तला.

आज संगणकाच्या मंडलांत सेकंदास कोट्यवधि कंपनें देणारे स्पंदक असतात. मनगटावरील क्वार्ट्झ घड्याळाचा स्फटिक ३२,७६८ कंपनें देतो. हवी ती कंपनसंख्या आज्ञा देऊन ठरवितां येते, असेही स्पंदक मिळतात. परंतु त्यांतून निवड करणाऱ्या अभियंत्यास हॅरिसनचेच प्रश्न सोडवावे लागतात: उष्णतेनें किती फरक पडेल? हादरे सोसतील काय? चूक किती चालेल? वस्तु मोठी किंवा महाग आहे म्हणून ती योग्य ठरत नाहीं. जेथें ती वापरावयाची, तेथें ती टिकली पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, ईश्वरानें दिलेली बुद्धि हॅरिसननें आयुष्यभर एकाच कामीं लाविली, आणि आपल्याच कृतींतील दोष पाहण्यास तो कधीं कचरला नाहीं. त्याच्या त्या लहानशा घड्याळानें असंख्य खलाशांना सुखरूप घरीं आणलें, हें विसरूं नये.