आयर्लंडमध्ये ट्रेन चुकलेल्या माणसाची आयडिया आज तुमच्या मोबाईलवर वेळ दाखवते

रात्री सव्वाबाराला पुण्यात बसून तुम्ही एका वेबसाईटवर फॉर्म भरता. समोर मेसेज येतो, पण त्यावर तारीख कालची आणि वेळ संध्याकाळी पावणेसातची असते.

वेबसाईट बिघडलेली नसते. तिचा सर्व्हर यूटीसी म्हणजे जागतिक वेळेवर चालत असतो, आणि भारत त्या वेळेच्या साडेपाच तास पुढं आहे. समोरचा माणूस पुण्यात आहे की पॅरिसमध्ये, हे सर्व्हरला कळलेलंच नसतं.

सगळ्या जगाची एक वेळ आणि प्रत्येकाची आपापली वेळ, या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? या प्रश्नामागं आयुष्याची बरीच वर्षं घालवणारा एक माणूस होता. त्यांचं नाव सर सँडफोर्ड फ्लेमिंग.

फ्लेमिंग यांचा जन्म ७ जानेवारी १८२७ रोजी स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डी इथं झाला. १८४५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते भावासोबत जहाजानं कॅनडाला गेले. तिथं सर्व्हेअर म्हणून त्यांनी जम बसवला. १८५१ मध्ये आलेलं कॅनडाचं पहिलं पोस्टाचं तिकीट, ज्यावर बीव्हर या प्राण्याचं चित्र होतं, ते त्यांनीच डिझाईन केलं होतं.

पण त्यांचं खरं काम होतं रेल्वेचं. इंटरकलोनियल रेल्वेचे ते मुख्य इंजिनिअर होते. १८७१ पासून कॅनडाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या पॅसिफिक रेल्वेच्या सर्व्हेची जबाबदारीही त्यांच्यावर आली.

आता अडचण अशी होती की तेव्हा प्रत्येक शहराची वेळ वेगळी असायची. सूर्य डोक्यावर आला की बारा, हा साधा हिशोब. टोरोंटो आणि मॉन्ट्रियल या एकाच देशातल्या शहरांमध्ये त्यामुळं साधारण २३ मिनिटांचा फरक पडायचा. बैलगाडी किंवा घोडागाडीच्या जमान्यात याचं कुणाला काही वाटत नव्हतं. रेल्वे आली आणि टाईमटेबल कुठल्या गावाच्या घड्याळावर लावायचं, यावरून गोंधळ सुरू झाला.

त्यात १८७६ साल उजाडलं. फ्लेमिंग आयर्लंडमधल्या बंडोरन स्टेशनवर ट्रेनची वाट बघत होते. टाईमटेबलमध्ये ट्रेन संध्याकाळी ५.३५ ची छापलेली होती. प्रत्यक्षात ती पहाटे ५.३५ ची होती. छपाईच्या चुकीमुळं त्यांची ट्रेन हुकली आणि रात्र तिथंच काढावी लागली.

दुसरा कुणी असता तर रेल्वेच्या नावानं बोटं मोडून गप्प बसला असता. फ्लेमिंग मात्र घड्याळाच्याच मागं लागले. आधी त्यांनी सकाळ-संध्याकाळची भानगड संपवण्यासाठी २४ तासांचं घड्याळ मांडलं. मग त्याहून मोठी कल्पना पुढं आणली. सगळ्या पृथ्वीसाठी एकच वेळ ठेवायची आणि पृथ्वीचे २४ भाग करून स्थानिक वेळ त्या एका वेळेवरून काढायची.

१८७९ मध्ये टोरोंटोच्या कॅनेडियन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी हा विचार मांडला. पुढं तो वेगवेगळ्या देशांच्या सरकारांकडं पोहोचला. सगळं श्रेय त्यांचं एकट्याचं नाही. अमेरिकेत चार्ल्स डाऊड यांनी त्यांच्याआधीच रेल्वेसाठी टाईम झोन सुचवले होते. विल्यम अॅलन यांच्या योजनेवर १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिका आणि कॅनडातल्या रेल्वेनं आपली घड्याळं बदलली.

ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली. फ्लेमिंग तिथं कॅनडाच्या वतीनं हजर होते. शून्य रेखावृत्त कुठल्याच देशाचं वाटू नये म्हणून ते ग्रीनिचच्या बरोबर विरुद्ध बाजूला, समुद्रात घ्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही. २२ देशांच्या मतांनी ग्रीनिच ठरलं. जागतिक दिवस मान्य झाला, पण कुणी कुठला टाईम झोन वापरायचा हे परिषदेनं बांधून दिलं नाही. तो निर्णय प्रत्येक देशानं पुढं आपल्या सोयीनं घेतला.

म्हणूनच २४ समान भागांचं चित्र कागदावरच राहिलं. भारतानं १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ घेतली, म्हणजे पूर्ण तासांचा हिशोब तिथंच मोडला. मुंबई तर आणखी हट्टी निघाली. भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागं असलेला बॉम्बे टाईम शहरात १९५५ पर्यंत टिकून होता.

फ्लेमिंग यांना १८९७ मध्ये सर ही पदवी मिळाली. पॅसिफिक महासागराखालून कॅनडा ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड तार टाकावी म्हणून त्यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला, आणि १९०२ मध्ये ती पूर्ण झाली. २२ जुलै १९१५ रोजी हॅलिफॅक्स इथं त्यांचं निधन झालं.

लोकांनी एका जागतिक वेळेवर जगणं कधीच स्वीकारलं नाही. सर्व्हरनं मात्र स्वीकारलं.

आज चांगल्या वेबसाईटमध्ये घडून गेलेल्या गोष्टीची नोंद यूटीसीमध्येच होते. राहतो प्रश्न समोरच्याची वेळ ओळखण्याचा. ब्राउझर सर्व्हरकडं पेज मागतो तेव्हा भाषेची माहिती पाठवतो, टाईम झोन पाठवत नाही. आयपी अॅड्रेसवरून अंदाज बांधता येतो, पण व्हीपीएन सुरू असेल तर तो सपशेल चुकतो.

मग खात्रीचा मार्ग काय? ब्राउझरलाच विचारायचं. जावास्क्रिप्टची एक ओळ मोबाईलमध्ये लावलेल्या झोनचं नाव सांगते, जसं की एशिया/कोलकाता. ते नाव कुकीमध्ये ठेवलं की पुढच्या वेळी सर्व्हर स्वतःच वेळ बदलून दाखवतो. पहिल्या भेटीत सर्व्हर यूटीसी पाठवतो आणि रूपांतर ब्राउझर करतो.

इथं नुसता साडेपाच तासांचा आकडा साठवून भागत नाही, नावच लागतं. कारण लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं जातं आणि आकडा बदलतो. नाव तेच राहतं.

थोडक्यात, हिशोब सगळ्यांच्या वेळेत ठेवायचा आणि दाखवायचा ज्याच्या त्याच्या वेळेत. फ्लेमिंग यांनी रेल्वेसाठी हेच मागितलं होतं.