सूर आणि शब्दांचा व्यासंगी

मैफलीतील गाणे मैफलीबरोबरच संपते. गायनाचार्य भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ यांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या नाहीत. तरीही त्यांची गायकी कशी होती, याची कल्पना मराठी वाचकाला करता येते. याचे मोठे श्रेय गोविंद सदाशिव टेंबे या संगीतकार-लेखकाकडे जाते.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळील सांगवडे येथे झाला. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयामुळे अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी होते. अशा वातावरणात गोविंदरावांच्या कानांवर उत्तमोत्तम गाणे पडत गेले. त्यांनी हाती धरली ती पेटी. त्या काळी निव्वळ साथीचे मानले जाणारे हे वाद्य त्यांनी स्वतंत्र वादनासाठी मैफलीत आणले. भास्करबुवांना ते गुरुस्थानी मानीत.

१९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले. त्यातील पदांच्या चाली गोविंदरावांनी दिल्या होत्या. साकी, दिंडी, कीर्तनी चाली यांना सरावलेल्या मराठी प्रेक्षकांना त्यांनी ठुमरी, कजरी अशा उत्तरेकडील गानप्रकारांची गोडी लावली. बालगंधर्वांनी गायिलेली ती पदे घरोघरी पोहोचली आणि नाट्यसंगीताला नवे वळण लागले.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ही भागीदारी मात्र फार काळ टिकली नाही. काही वर्षांतच गोविंदराव बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज ही स्वतःची मंडळी काढली. नाटकाचा व्यवसाय त्यांना फारसा लाभला नाही. पण लेखणी थांबली नाही. 'पटवर्धन' हे नाटक त्यांनी लिहिले. पुढे 'महाश्वेता' व 'जयदेव' या संगीतिकाही त्यांच्या हातून उतरल्या. गद्य संवादांऐवजी गाण्यांतूनच कथा सांगणारा, इटलीत जन्मलेला ऑपेरा हा प्रकार मराठीत रुजविण्याचा तो प्रयत्न होता.

वयाच्या पन्नाशीत त्यांनी नव्या माध्यमात पाऊल टाकले. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटाला त्यांनी संगीत दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली. तारामती होत्या दुर्गा खोटे.

१९३९ मध्ये 'माझा संगीत व्यासंग' प्रसिद्ध झाले. थोर कलावंतांच्या मैफली, त्यांची घराणी, स्वभाव आणि साधना यांचे त्यातील चित्रण मराठी संगीतविषयक लेखनात मोलाचे ठरले. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ज्या वाद्यावर आयुष्य वेचले, तेच नभोवाणीवरून हद्दपार झाले. ही बंदी त्यांच्या हयातीत उठली नाही. त्यांचे लेखन मात्र सुरूच राहिले. 'जीवन व्यासंग' हे आत्मचरित्र आणि अल्लादिया खाँचे चरित्र त्यांनी लिहिले.

९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदरावांचे निधन झाले. त्यांच्या पेटीचे सूर ऐकलेले श्रोते आता उरलेले नाहीत. 'मानापमान'मधील पदे मात्र आजही गायिली जातात आणि त्यांनी ऐकलेल्या मैफली त्यांच्या पुस्तकांतून वाचकाला अजूनही भेटतात.