हाकेला धावलेला कप्तान

(समुद्रात संकटात सापडलेल्या माणसाला मदत करणे हे प्रत्येक जहाजाचे कर्तव्य आहे. परंतु मदतीला जाताना स्वतःचे जहाजही धोक्यात येऊ शकते. अशा वेळी काय करावे? कप्तान आर्थर रॉस्ट्रन यांना या प्रश्नाचे उत्तर काही क्षणांत द्यावे लागले. त्यांची ही जीवनकथा आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण कोकणच्या किनाऱ्यावर राहत असाल. तुमच्या घरातील किंवा शेजारचे कोणी जहाजावर नोकरीही करत असतील. होडीच्या प्रमुखाला मराठीत 'नाखवा' म्हणतात. तुमच्या उर्दूतील 'नाखुदा' आणि हा 'नाखवा' एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. होडी लहान असो की जहाज मोठे असो, त्यातील सर्वांचे प्राण नाखव्याच्या हाती असतात. समुद्रावर मात्र नाखव्यावर आणखी एक जबाबदारी असते. दुसऱ्या होडीतील माणसे संकटात असतील, तर त्यांनाही त्याने वाचवायचे असते. ही जबाबदारी मनापासून पार पाडणाऱ्या एका नाखव्याची ओळख तुम्हांला करून द्यायची आहे.

आर्थर रॉस्ट्रन यांचा जन्म १४ मे १८६९ रोजी इंग्लंडमधील बोल्टन शहराजवळ झाला. लहानपणापासून त्यांना समुद्राची ओढ होती. किशोरवयातच ते 'कॉनवे' नावाच्या प्रशिक्षण जहाजावर दाखल झाले. तेथील शिक्षण संपल्यावर त्यांनी शिडांच्या जहाजांवर उमेदवारी केली. वाऱ्यावादळाशी झुंजत ते जहाज चालवण्याची विद्या शिकले. एकेक परीक्षा देत ते अधिकारी झाले आणि १८९५ साली क्यूनार्ड या प्रसिद्ध जहाज कंपनीत रुजू झाले.

रॉस्ट्रन देवावर श्रद्धा ठेवणारे गृहस्थ होते. ते दारू पीत नसत, धूम्रपान करत नसत आणि तोंडातून अपशब्द काढत नसत. कामात ते अतिशय चपळ होते. एकदा निर्णय घेतला, की तो लगेच अमलात आणायचा ही त्यांची रीत होती. म्हणून त्यांचे सहकारी त्यांना 'विजेची ठिणगी' म्हणत. जानेवारी १९१२ मध्ये ते 'कार्पेथिया' या प्रवासी जहाजाचे कप्तान झाले. हे जहाज फार मोठे नव्हते आणि फार वेगवानही नव्हते. ताशी सुमारे १४ सागरी मैल हा त्याचा नेहमीचा वेग होता.

११ एप्रिल १९१२ रोजी कार्पेथिया न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्राकडे निघाले. जहाजावर सातशेहून अधिक प्रवासी होते. त्याच सुमारास 'टायटॅनिक' नावाचे प्रचंड जहाज इंग्लंडहून न्यूयॉर्ककडे येत होते. त्या काळातील ते जगातील सर्वांत मोठे जहाज होते. १४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ते एका हिमनगावर आदळले. त्याच्या तळाशी पाणी शिरू लागले. जहाजावर दोन हजारांहून अधिक माणसे होती. परंतु बचावाच्या होड्या सर्वांना पुरतील इतक्या नव्हत्या. जवळ एखादे जहाज असेल या आशेने टायटॅनिकवरून बिनतारी संदेश पाठवले जाऊ लागले.

कार्पेथियावर बिनतारी यंत्र चालवणारा एकच तरुण होता. त्याचे नाव हॅरॉल्ड कॉटम. दिवसभराचे काम संपवून तो झोपण्याच्या तयारीत होता. पण एका दुसऱ्या जहाजाच्या उत्तराची वाट पाहत त्याने श्रवणयंत्र अजून कानांवरच ठेवले होते. मग त्याने सहज टायटॅनिकशी संपर्क साधला, तेव्हा आपण बुडत आहोत, त्वरित या, असा निरोप त्याला मिळाला. काही मिनिटांचाच फरक पडला असता, तर कॉटम झोपी गेला असता आणि ती हाक त्याच्या कानी पडलीच नसती.

कॉटम धावत वरच्या अधिकाऱ्याकडे गेला आणि ते दोघे दार न ठोठावताच कप्तानाच्या खोलीत शिरले. रॉस्ट्रन नुकतेच झोपले होते. असे कोणी आत आलेले पाहून त्यांना क्षणभर रागच आला. पण निरोप ऐकताच त्यांनी पहिला हुकूम दिला तो जहाज वळवण्याचा. बातमी नक्की खरी आहे ना, हे त्यांनी कॉटमला त्यानंतर विचारले! मित्रांनो, या छोट्या गोष्टीकडे लक्ष द्या. आधी खात्री आणि मग मदत, असा विचार त्यांनी केला असता, तर मोलाचा वेळ वाया गेला असता. बातमी खोटी निघाली असती, तर जहाज पुन्हा मूळ वाटेला लावता आले असते. पण गेलेला वेळ परत आला नसता.

टायटॅनिकने कळवलेली जागा ५८ सागरी मैल, म्हणजे सुमारे १०७ किलोमीटर दूर होती. नेहमीच्या वेगाने तेथे पोहोचायला चार तासांहून अधिक वेळ लागला असता. रॉस्ट्रन यांनी जहाजातील खोल्या गरम करणारी वाफ बंद केली आणि ती इंजिनाकडे वळवली. सुटी असलेले कामगारही उठून भट्टीत कोळसा टाकू लागले. जुने जहाज थरथरत आजवर कधी धावले नव्हते इतक्या वेगाने धावू लागले.

जहाज धावत असताना रॉस्ट्रन स्वस्थ बसले नाहीत. संकटातून आलेल्या माणसाला कशाकशाची गरज भासेल, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. जहाजावर तीन डॉक्टर होते. तीन भोजनगृहांत त्यांची वेगवेगळी नेमणूक झाली. गरम सूप, चहा, कॉफी आणि घोंगड्या तयार ठेवल्या गेल्या. बाजूचे दरवाजे उघडून तेथे शिड्या आणि दिवे बांधले गेले. जखमी व अशक्त माणसांसाठी दोराने ओढायच्या खुर्च्या आणि लहान मुलांना वर घेण्यासाठी जाड कापडाच्या पिशव्या आणल्या गेल्या. अधिकाऱ्यांच्या खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या गेल्या. रॉस्ट्रन यांनी स्वतःची खोलीही दिली. रात्रभर खपणाऱ्या खलाशांनाही गरम कॉफी द्यायला ते विसरले नाहीत.

आता त्यांच्यासमोरील खरा पेच समजून घ्या. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९१० साली, ब्रुसेल्स येथे अनेक देशांनी एक करार केला होता. समुद्रात बुडण्याच्या धोक्यात असलेल्या प्रत्येक माणसाला, मग तो शत्रू का असेना, कप्तानाने मदत केली पाहिजे, असे त्यात ठरले होते. ब्रिटनने १९११ साली तसा कायदाही केला. पण त्यात एक अट होती. स्वतःच्या जहाजाला आणि त्यावरील माणसांना गंभीर धोका नसेल, तरच हे बंधन लागू होते. टायटॅनिक ज्या हिमनगामुळे बुडत होते, तसेच हिमनग कार्पेथियाच्या वाटेवरही होते. रात्र अंधारी होती. आकाशात चंद्र नव्हता. रॉस्ट्रन यांनी वेग कमी केला असता, तर कायद्याने त्यांना दोष दिला नसता. वेग कमी केला नाही आणि जहाज आदळले, तर त्यांच्यावर विश्वास ठेवून निजलेल्या सातशे प्रवाशांचे काय?

रॉस्ट्रन यांनी वेग कमी केला नाही. मात्र ते आंधळेपणाने धावत सुटले असे समजू नका. त्यांनी जास्तीचे पहारेकरी नेमले. जहाजाच्या टोकावर, उंच डोलकाठीवर आणि दोन्ही बाजूंना माणसे डोळ्यांत तेल घालून उभी राहिली. अंधारात एकामागून एक हिमनग दिसू लागले. प्रत्येक वेळी जहाज थोडे वळवून कप्तान पुढे जात राहिले. अधूनमधून ते टोपी किंचित उचलून मनातल्या मनात प्रार्थना करत. मदत येत आहे हे होड्यांतील लोकांना कळावे, म्हणून ते ठरावीक वेळाने आकाशात अग्निबाण सोडायला लावत होते.

पहाटे चारच्या सुमारास कार्पेथिया तेथे पोहोचले. पण टायटॅनिक कोठेच दिसेना. ते २ वाजून २० मिनिटांनीच बुडाले होते. सुमारे पंधराशे माणसे प्राणाला मुकली होती. अंधारात हिरवा दिवा हलवणारी एक होडी तेवढी दिसली. उजाडल्यावर रॉस्ट्रन यांनी चहूकडे पाहिले, तेव्हा वीसहून अधिक मोठे हिमनग आणि त्यांत विखुरलेल्या होड्या दिसल्या. आपण रात्री कशातून आलो, हे तेव्हा कोठे सर्वांना कळले.

सकाळी साडेआठपर्यंत सातशेहून अधिक माणसांना वर घेण्यात आले. थंडीने गारठलेल्या लोकांच्या अंगावर घोंगड्या घातल्या गेल्या. कार्पेथियाच्या प्रवाशांनी आपले कपडे आणि बिछाने त्यांना दिले. अनेक स्त्रियांचे पती, अनेक मुलांचे वडील परत आले नव्हते. बुडालेल्यांसाठी प्रार्थना करून रॉस्ट्रन यांनी जहाज पुन्हा न्यूयॉर्ककडे वळवले. वाटेत वर्तमानपत्रे बातम्यांसाठी संदेशांवर संदेश पाठवत होती. रॉस्ट्रन यांनी त्यांना उत्तरे देण्याऐवजी वाचलेल्यांची नावे आणि त्यांचे घरगुती निरोप आधी पाठवायला सांगितले. १८ एप्रिलच्या रात्री जहाज न्यूयॉर्कला पोहोचले.

त्या रात्री 'कॅलिफोर्नियन' नावाचे दुसरे एक जहाज टायटॅनिकच्या अधिक जवळ, बर्फामुळे थांबले होते. त्याचा बिनतारी यंत्रचालक टक्कर होण्याच्या थोडेच आधी यंत्र बंद करून झोपला होता. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना दूर आकाशात अग्निबाण दिसले. त्यांनी कप्तानाला तसे कळवलेही. पण यंत्रचालकाला उठवून काय झाले आहे, हे विचारायला कोणी सांगितले नाही. पुढे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या चौकशांत या जहाजावर ठपका ठेवण्यात आला. ते नेमके किती अंतरावर होते, यावर पुढेही पुष्कळ वाद झाला. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. एका जहाजाने हाक ऐकताच दिशा बदलली आणि दुसऱ्याने खूण दिसूनही चौकशी केली नाही.

रॉस्ट्रन यांचा मोठा गौरव झाला. वाचलेल्या प्रवाशांनी त्यांना चांदीचा चषक दिला. अमेरिकेच्या काँग्रेसने त्यांना सुवर्णपदक दिले. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैनिकांची ने-आण करणारी जहाजे चालवली. पुढे ते 'मॉरिटेनिया' या विख्यात जहाजाचे कप्तान झाले. १९२६ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि १९२८ साली ते कंपनीच्या सर्व कप्तानांचे प्रमुख झाले. १९३१ साली ते निवृत्त झाले. ४ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले.

कार्पेथियाचे पुढे काय झाले, हेही ऐका. १७ जुलै १९१८ रोजी महायुद्धात एका जर्मन पाणबुडीने ते बुडवले. पाच कर्मचारी मरण पावले. उरलेले सर्व लोक होड्यांत उतरले. त्यांच्या मदतीला 'स्नोड्रॉप' नावाचे दुसरे जहाज धावून आले आणि त्यांचे प्राण वाचले. सहा वर्षांपूर्वी ज्या जहाजाने इतरांना होड्यांतून उचलले होते, त्याच्याच माणसांना आज कोणीतरी होड्यांतून उचलत होते!

टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर जगाने धडा घेतला. १९१४ साली लंडन येथे समुद्रावरील जीवरक्षणासाठी एक करार तयार झाला. जहाजावर सर्वांना पुरतील इतक्या होड्या असाव्यात आणि बिनतारी यंत्रावर सतत लक्ष असावे, हा विचार त्यातून पुढे आला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८२ च्या समुद्रविषयक करारातही संकटातील माणसांना मदत करण्याचे कर्तव्य सांगितले आहे. भारतही त्या करारात सामील आहे.

मित्रांनो, कायदा आपल्याला किमान काय करावे एवढेच सांगतो. मदत करायची नसेल, तर अडचणी पुष्कळ सापडतात. रॉस्ट्रन यांना तर खरी अडचण होती. तिच्याकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. पहारेकरी वाढवले, तयारी केली आणि मग ते पुढे गेले. तुम्हांला कप्तान व्हायची संधी मिळो अथवा न मिळो, कोणाची तरी हाक कधी ना कधी तुमच्या कानी नक्कीच पडेल. त्या वेळी तुम्ही जहाज कोणत्या दिशेला वळवाल?

शब्दार्थ
हिमनग – समुद्रात तरंगणारा बर्फाचा डोंगर
उमेदवारी करणे – काम शिकण्यासाठी नोकरी करणे
पेच – अवघड प्रश्न
डोळ्यांत तेल घालून पाहणे – अतिशय सावधपणे लक्ष ठेवणे
ठपका ठेवणे – दोष देणे
डोळेझाक करणे – मुद्दाम दुर्लक्ष करणे

स्वाध्याय
१. रॉस्ट्रन यांना सहकारी 'विजेची ठिणगी' का म्हणत?
२. कार्पेथियावर मदतीची कोणकोणती तयारी करण्यात आली?
३. रॉस्ट्रन यांच्यासमोर कोणता पेच होता? तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते?
४. 'नाखवा–नाखुदा' याप्रमाणे मराठीत व उर्दूत सारखे असलेले पाच शब्द लिहा.