एका कानाची तक्रार ऐकणारा डॉक्टर

समजा, तुम्ही तिसगावच्या स्टँडवर नगरच्या एसटीची वाट बघताय. मित्राचा फोन येतो. तुम्ही तो उजव्या कानाला लावता, कारण हल्ली डाव्या कानानं आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. रात्री त्याच कानात बारीक शिट्टी वाजते. मळ असेल, हेडफोनचा परिणाम असेल, असं म्हणून तुम्ही विषय सोडून देता. बहुतेकांच्या बाबतीत निघतंही तसंच काहीतरी. पण वर्षाला लाखात एखाद्याच्या बाबतीत कारण आत, कवटीच्या तळाशी असतं. ऐकणं आणि तोल सांभाळणाऱ्या नसेवर एक गाठ वाढत असते. तिचं नाव अकूस्टिक न्यूरोमा. ती कॅन्सरची नसते, शरीरात पसरत नाही, वाढतेही अगदी सावकाश. तरीही सव्वाशे वर्षांपूर्वी ती झालेला माणूस गेल्यात जमा असायचा.

हे चित्र ज्यानं बदललं तो हार्वे कुशिंग. मेडिकलला असाल तर कुशिंग सिंड्रोम पाठ केलाच असेल, तोच हा.

१८६९ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला जन्मलेला हा दहावा आणि शेवटचा मुलगा. बाप, आजोबा, पणजोबा सगळे डॉक्टर. येलला असताना गडी बेसबॉल खेळायचा. नंतर हार्वर्डला मेडिकलला गेला आणि तिथे विद्यार्थी असतानाच एक दिवस त्याला पेशंटला ईथरची भूल द्यायला उभं केलं. पेशंट दगावला. डॉक्टरकीच सोडावी, इथपर्यंत त्याची मजल गेली होती. सोडली नाही. एमरी कॉडमन नावाच्या दोस्ताला घेऊन त्यानं एक तक्ता तयार केला. भूल चालू असताना नाडी किती, श्वास किती, हे थोड्या थोड्या वेळानं लिहायचं. आज ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ जी नोंद ठेवतात, तिची सुरुवात या दोन पोरांच्या धास्तीतून झाली. पुढे १९०१ साली इटलीत त्यानं ब्लड प्रेशर मोजायचा दंडपट्टा पाहिला आणि तोही अमेरिकेत नेला.

आता गाठीकडे येऊ. ती वाढते ती जागा फार अडचणीची. एका बाजूला छोटा मेंदू, दुसऱ्या बाजूला मेंदूचा देठ, जिथून श्वास चालतो. चेहऱ्याची नस तर गाठीला चिकटूनच जाते. कुशिंगच्या आधीचे सर्जन बोट घालून गाठ झटपट उकरून काढायचे. रक्तस्राव आवरायचा नाही. नामांकित हातांखालीही दहातले सात-आठ पेशंट मरत. वाचलेल्यांचा चेहरा बरेचदा एका बाजूनं लुळा पडे.

आणि गाठ आहे हे कळणार कसं? सीटी नाही, एमआरआय नाही. एक्स-रेत हाडं दिसत, मेंदू दिसत नसे. कुशिंगकडे एकच साधन होतं, पेशंटची हकिगत. कुठली तक्रार आधी, कुठली नंतर, हे तो खोदून खोदून विचारायचा. त्यातून क्रम हाती आला. आधी एकाच कानाचं ऐकू येणं कमी होतं. मग डोकं दुखतं, चाल झोकांड्या खाते, चेहऱ्याची ती बाजू बधिर होते, नजर धूसर होते आणि शेवटी गिळणं, बोलणं, श्वास अडतो. बहुतेक पेशंट त्याच्याकडे यायचे ते अगदी शेवटच्या टप्प्यावर. पण कान कधी बिघडला होता हे विचारलं, की गाठीचा पत्ता लागायचा.

ऑपरेशनही त्यानं घाई न करता करायला घेतलं. तासन् तास. रक्तवाहिन्यांना चांदीचे बारीक चिमटे लावायचे, गाठ आतून पोखरायची आणि बाहेरचं कवच तसंच ठेवायचं. म्हणजे देठाला धक्का नाही. १९१७ साली या गाठींवर त्याचं पुस्तक आलं, तेव्हा मृत्यूचं प्रमाण पाचात एकाच्या आसपास आलं होतं. १९३१ पर्यंत ते शंभरात चारपर्यंत उतरलं. त्या पुस्तकाच्या कामाला १९१५ मध्ये लुईस आयझेनहार्ट नावाची तरुणी मदतनीस म्हणून लागली होती. पुढे ती स्वतः डॉक्टर झाली, कुशिंगच्या गाठींचा सगळा हिशेब तिनं ठेवला.

पण कवच ठेवलं, की गाठ पुन्हा वाढायची. पेशंट टेबलावर वाचायचा आणि काही वर्षांनी त्याच गाठीनं जायचा. वॉल्टर डँडी या त्याच्याच हाताखाली शिकलेल्या सर्जननं १९२२ मध्ये अख्खी गाठ काढता येते असं जाहीर केलं. कुशिंग खवळला. पेशंटचं इतकं बारकाईनं ऐकणाऱ्या माणसाला आपल्या शिष्याचं ऐकवलं नाही. मला तरी त्याच्या आयुष्यातला हा भाग खुजा वाटतो. गंमत बघा, पुढे मायक्रोस्कोप आला, १९६९ पासून गॅमा नाइफचे किरणही या गाठीवर वापरले जाऊ लागले, आणि तरीही आजचे सर्जन कधी कधी चेहऱ्याची नस वाचावी म्हणून गाठीचा छोटा तुकडा मुद्दाम ठेवतात. लहान गाठ असेल तर नुसती लक्ष ठेवूनही चालतं. म्हणून ती लहान असताना सापडायला हवी. एका कानाची तक्रार हटत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे ऑडिओमेट्री करून घ्या. शंका आली तर एमआरआय सांगतील.

माणूस म्हणून कुशिंग कडकच. १९२६ च्या जूनमध्ये येलला शिकणारा त्याचा मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. फोन सकाळी आला. त्यानं बायकोला कळवलं आणि ठरलेलं ऑपरेशन करायला गेला. त्याच वर्षी, गुरू ऑस्लरच्या चरित्रासाठी त्याला पुलित्झर मिळालं होतं.

त्यानं जपून ठेवलेल्या मेंदूंच्या शेकडो बरण्या येलच्या हॉस्टेलच्या तळघरात वर्षानुवर्षं धूळ खात होत्या. रात्री चोरून उतरून बघून येणारी पोरंच काय ती त्यांची पाहुणी. २०१० मध्ये त्या नीट मांडल्या गेल्या. कुशिंग स्वतः १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये हृदयविकारानं गेला. शवविच्छेदन झालं, तेव्हा त्याच्याही मेंदूत सेंटिमीटरभराची एक निरुपद्रवी गाठ निघाली.